कांचेच्या पेटींतील समुद्र

१८४६ सालीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील टॉर्की या गांवाहून एक बाई लंडनला परत निघाली, तेव्हां तिच्या सामानांत समुद्राच्या पाण्यानें भरलेली एक दगडी बरणी होती. बाईचें नांव ॲना थिन. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या प्रसिद्ध धर्ममंदिरांतील एका वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची ती पत्नी. बरणींत जिवंत पोंवळीं होतीं. प्रवासाच्या हिसक्यांनीं तीं भांड्याच्या भिंतींवर आपटूं नयेत, म्हणून तिनें तीं सुईदोऱ्यानें एका स्पंजाला टांचून घेतलीं होतीं.

पोंवळें म्हटलें कीं आपल्याकडे अंगठींतला तांबडा खडा डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु तो खडा म्हणजे एका जातीच्या प्राण्यांच्या सांगाड्याचा तुकडा होय. पोंवळें हा स्वभावतः दगड नव्हे आणि झाडहि नव्हे. समुद्राच्या तळाशीं चिकटून राहणारा, तोंडाभोंवतीं बारीक शुंडांचें कडें असलेला तो एक मऊ प्राणी आहे. पाण्यांतील चुना घेऊन तो आपल्याखालीं घर रचतो, आणि अशा असंख्य पिढ्यांचीं घरें एकावर एक चढलीं म्हणजे त्यांचेच प्रवाळ-खडक बनतात.

लंडनमध्यें समुद्र नाहीं. किनाऱ्याहून मागविलेलें पाणी वरचेवर मिळेना, तेव्हां बाईनें एक युक्ति काढली. ऊन दूध गार करण्यासाठीं आपण जसें पेल्यांतून पेल्यांत ओततों, तसें तें जुनेंच पाणी उघड्या खिडकीशीं उभें राहून एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत आणि दुसऱ्यांतून पुन्हां पहिल्यांत ओतावयाचें. दररोज अर्धा-पाऊण तास हें काम घरांतली एक मोलकरीण करी. पोंवळ्यांचे प्राण त्या मुलीच्या मनगटांवर अवलंबून होते, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. पुढच्या वर्षीं बाईनें त्या पाण्यांत जिवंत समुद्रशेवाळहि आणून ठेवलें. तिचीं पोंवळीं समुद्रापासून दूर, त्या घरांत, सुमारें तीन वर्षें जगलीं.

कांचेच्या पेटींत सागरी प्राणी ठेवण्याचा प्रयत्न त्यापूर्वींहि झाला होता. १८३२ च्या सुमारास सिसिली बेटांतील मेसिना येथें झान विल्प्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीनें अशा पेट्यांतून समुद्रजीवांचें निरीक्षण केलें होतें. परंतु तिच्या दारांतच समुद्र होता. थिनबाईंच्या दारांत तो नव्हता, आणि म्हणूनच खरा प्रश्न प्रथम त्यांच्यापुढें उभा राहिला. अफाट समुद्रांत जीव खातो, मळ टाकतो, मरतो, आणि तें सर्व विरून जातें. पेटींतला मळ जाणार कोठें? आज घरांत लहानशी प्रवाळ-पेटी बाळगणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला हाच प्रश्न पडतो. त्याचें उत्तर मिळावयास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. आणि मिळालेल्या प्रत्येक उत्तरानें, तें अपुरें असल्याचेंहि लवकरच दाखवून दिलें.

पहिलें उत्तर एका रसायनशास्त्रज्ञानें दिलें. लंडनमधील रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८४९ सालीं एका कांचपात्रांत गोडें पाणी, दोन सोनेरी मासे आणि एक पाणवनस्पति एकत्र ठेवली. माशांच्या उच्छ्वासांतील कर्बाम्लवायु वनस्पतीनें घ्यावा आणि उजेडांत तिनें सोडलेला प्राणवायु माशांनीं घ्यावा, अशी ही देवघेव होती. कांहीं दिवस ती उत्तम चालली. मग वनस्पतीचीं जुनीं पानें कुजूं लागलीं, पाणी गढूळ झालें, कांचेवर बुळबुळीत थर चढला. वॉरिंग्टननें कांहीं पाणगोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजलेलें सारें खाऊन टाकलें आणि पाणी पुन्हां निवळलें. १८५० सालीं हा प्रयोग त्यानें केमिकल सोसायटीपुढें मांडला. प्राणी, वनस्पति आणि घाण खाणारा असा तिघांचा तोल साधला कीं पेटी आपोआप चालेल, हा विचार तेथून रूढ झाला.

१८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस याचें मत्स्यालयावरील पुस्तक निघालें आणि इंग्लंडांत या छंदाची लाटच उसळली. दिवाणखान्यांतून कांचपेट्या दिसूं लागल्या. किनाऱ्यांवर टोपल्या घेतलेल्या हौशी मंडळींची झुंबड उडाली. परंतु बहुतेक पेट्यांचा शेवट एकच होई. पाणी हिरवें, मग पिवळें, मग दुर्गंधीयुक्त. थोड्याच वर्षांत ही लाट ओसरली. मागें राहिले ते ओरबाडलेले किनारे. गॉसच्या मुलानें पुढें १९०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रांत, आपल्या वडिलांच्या पुस्तकांनींच त्या सुंदर किनाऱ्यांचा नाश ओढवला, अशी खंत नमूद केली आहे.

तोल चुकला कोठें? वॉरिंग्टनच्या हिशेबांत दोन वायु होते. तिसरा जमाखर्च त्यांत मांडलेला नव्हता. माशाला घातलेल्या प्रत्येक घासाबरोबर पेटींत नत्र आणि स्फुरद हीं द्रव्यें येतात. शेतकरी ज्यांना खत म्हणून मोल देऊन विकत घेतो तींच हीं. वायु हवेंत उडून जातो. हीं द्रव्यें मात्र पेटींतच राहतात. मासा वाढेल, शेवाळ वाढेल, तेवढ्यापुरतीं तीं त्यांच्या अंगांत अडकतात. उरलेलीं पाण्यांत सांचत जातात.

या नत्राचा मार्ग ज्यांनीं उलगडला त्यांत एक नांव वाचून आश्चर्य वाटतें. तें नांव रॉबर्ट वॉरिंग्टन हेंच आहे. मात्र हा त्या रसायनशास्त्रज्ञाचा मुलगा. १८७७ सालीं श्लेसिंग आणि म्युंट्झ या दोघां फ्रेंच शास्त्रज्ञांनीं गटाराचें पाणी वाळूंतून झिरपवून पाहिलें. त्यांतील अमोनियाचें नायट्रेट होत असे. वाळूला क्लोरोफॉर्मची वाफ दिली कीं ही क्रिया बंद पडे. म्हणजे हें काम वाळूचें नसून वाळूंत राहणाऱ्या सजीवांचें होतें. धाकट्या वॉरिंग्टननें रॉथॅमस्टेड येथील शेतकी प्रयोगक्षेत्रांत हें पडताळून पाहिलें आणि पुढें असें दाखविलें कीं, या क्रियेच्या दोन पायऱ्या आहेत. कांहीं सूक्ष्मजंतु अमोनियाचें नायट्राइट करतात. दुसरे नायट्राइटाचें नायट्रेट करतात. हे जंतु वेगळे काढण्यांत मात्र त्याला यश आलें नाहीं. तें श्रेय १८९० च्या सुमारास झुरिच येथें विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञास मिळालें. बापानें पेटींतला तोल शोधला. त्या तोलांत काय राहून गेलें, तें मुलानें शेतांतील मातींत शोधून काढलें. दोघांच्या कामाचा धागा पेटी बाळगणाऱ्यांच्या ध्यानीं येण्यास मात्र पुष्कळ काळ जावा लागला.

या शोधाचें महत्त्व असें कीं, अमोनिया आणि नायट्राइट हीं माशांना थोड्या प्रमाणांतहि मारक असतात, तर नायट्रेट त्या मानानें सौम्य असतें. नवी पेटी भरल्याबरोबर तींत मासे सोडले तर ते मरतात याचें कारण हेंच. घरच्या दुधाला विरजण लागावें तसें पेटीलाहि या जंतूंचें विरजण लागावें लागतें, आणि त्याला कांहीं आठवडे द्यावे लागतात. पुढें जेथें प्राणवायु पोंचत नाहीं अशा वाळूच्या आणि दगडाच्या खोल भागांत दुसऱ्याच प्रकारचे जंतु नायट्रेटाचा पुन्हां नत्रवायु करतात व तो हवेंत निघून जातो. नत्राची सुटका होते ती या शेवटच्या दारानें. स्फुरदाला मात्र असें दारच नाहीं. तो पाण्यांतून काढावाच लागतो.

समुद्राच्या पाण्यांत स्फुरद किती, हें अचूक मोजण्याची सोय १९२३ च्या सुमारास प्लिमथ येथील ॲटकिन्स यानें केली. मॉलिब्डेनमचें द्रावण घातलें कीं स्फुरदाच्या प्रमाणांत पाण्याला निळा रंग चढतो, हें त्या रीतीचें मूळ. आज घरोघर वापरल्या जाणाऱ्या तपासणीच्या लहान बाटल्यांतील निळा रंग हा त्याच कुळांतला आहे.

हीं मापें हातीं आल्यावर एक विलक्षण कोडें समोर आलें. १९२८ सालच्या जुलैपासून पुढील वर्षाच्या जुलैपर्यंत मॉरिस यंग या तरुण शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखालीं एक ब्रिटिश तुकडी ऑस्ट्रेलियाच्या महाप्रवाळरांगेंतील लो आइल्स या बेटांवर राहिली. तेथील पाणी आरशासारखें स्वच्छ होतें, आणि त्यांत नत्र व स्फुरद हीं नांवापुरतींच होतीं. शेतीच्या भाषेंत बोलावयाचें तर तें पाण्याचें वाळवंट. तरीहि त्या वाळवंटांत जीवांची एवढी दाटी कशी?

उत्तर पोंवळ्यांच्या अंगांतच दडलेलें होतें. प्रवाळ-खडक बांधणाऱ्या पोंवळ्यांच्या शरीरांत असंख्य सूक्ष्म शेवाळपेशी राहतात. प्राणी जो मळ टाकतो तो बाहेर जाण्यापूर्वींच या पेशी खत म्हणून उचलतात. उजेडांत त्या जें अन्न तयार करतात त्यांतला मोठा वांटा प्राण्याला मिळतो. एकाचा मळ तें दुसऱ्याचें खत, आणि दुसऱ्याचें पीक तें पहिल्याचें अन्न. गरीब घरांत चिंधीसुद्धां फुकट जात नाहीं, तसा हा संसार आहे. म्हणून भोंवतालचें पाणी रितें असूनहि खडक समृद्ध असतो. उलट पाण्यांत खत वाढलें तर भराभर वाढणारें मोकळें शेवाळ पोंवळ्यांवर पसरून त्यांचा उजेड हिरावून घेतें. वॉरिंग्टनच्या तोलाहून हा तोल फार नाजूक होता.

हा संसार घरच्या पेटींत मांडण्याचें धैर्य पुढें एका हौशी गृहस्थानें केलें. जाकार्ता येथील ली चिन एंग यानें १९६१ सालीं एका अमेरिकन मासिकांत आपली पद्धति प्रसिद्ध केली. यंत्रांचा खटाटोप त्यानें केलाच नाहीं. समुद्रांतले जिवंत दगड, म्हणजे ज्यांच्या भोंकाभोंकांत जंतु, किडे व शेवाळ नांदत आहे असे दगड, सूर्यप्रकाश, आणि हवेचे हलके बुडबुडे एवढ्यावर त्याच्या पेट्या चालत. त्या दगडांच्या पृष्ठभागावर अमोनियाचें नायट्रेट होई आणि पोटांत नायट्रेटाचा नत्रवायु होई. श्लेसिंगची वाळू आणि धाकट्या वॉरिंग्टनची माती यांचेंच काम येथें दगड करीत होता.

१९८६ सालीं जॉर्ज स्मिट या डच गृहस्थाच्या लेखांमुळें अमेरिकेंत लहान प्रवाळ-पेटीची हौस पसरली. त्याच्या योजनेंत पाणी हवेशीर गाळणींतून ठिबकत जाई. अमोनिया तेथें झपाट्यानें नाहींसा होई खरा, पण नायट्रेट होऊन तेथेंच थांबे व सांचत जाई. जर्मन मंडळींनीं निराळा मार्ग धरला. गुऱ्हाळांत उकळत्या रसावर मळी वर येते व ती झाऱ्यानें काढून टाकतात, त्याप्रमाणें उभ्या नळींत पाण्यांतून बारीक बुडबुडे सोडून मळ फेंसाबरोबर वर आणावयाचा व कुजण्यापूर्वींच काढून टाकावयाचा. ह्या फेंसनळीला जिवंत दगडांची जोड, आणि पोंवळ्यांना घर बांधण्यास चुना मिळावा म्हणून चुन्याची निवळी, हीच पुढें बर्लिन पद्धति म्हणून ओळखली गेली. मोनॅको येथें झोबेर यानें वाळूच्या जाड थराखालीं संथ पाण्याची पोकळी ठेवून नायट्रेट घालविलें. वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेंत वॉल्टर एडी यानें जाळीवर मुद्दाम शेवाळ वाढवून तें खरवडून काढण्याची रीत घातली. मार्ग निरनिराळे; पण मळाला पेटीबाहेरचा रस्ता दाखवावयाचा, हें सर्वांचें सूत्र एक.

लहान पेटींत हें इतकें निकडीचें कां, हें साध्या त्रैराशिकानें ध्यानांत येतें. माशांच्या एक ग्रॅम कोरड्या खाद्यांत चार-दशांश ग्रॅम प्रथिन असेल तर त्यांत सुमारें चौसष्ट मिलिग्रॅम नत्र असतो. त्या सर्वाचें नायट्रेट झालें तर तें सुमारें दोनशें ऐंशी मिलिग्रॅम भरतें. चाळीस लिटरांच्या पेटींत याचा अर्थ लिटरमागें सात मिलिग्रॅमची वाढ. चार हजार लिटरांच्या टांकींत हीच वाढ शंभराव्या हिश्शाइतकी होईल व कोणाच्या ध्यानींहि येणार नाहीं. समुद्राला चूक पचते. पेटीला पचत नाहीं.

पाणी बदलण्याचाहि हिशेब असाच आहे. दर आठवड्यास लिटरमागें दोन मिलिग्रॅम नायट्रेटाची भर पडत असेल आणि दर आठवड्यास दहावा हिस्सा पाणी काढून स्वच्छ खारें पाणी घातलें, तर नायट्रेट वाढत वाढत वीसाच्या घरांत जाऊन स्थिरावतें, त्याखालीं येत नाहीं. पांचवा हिस्सा बदलला तर दहाच्या घरांत. म्हणजे केवळ पाणी बदलून शून्य गांठतां येत नाहीं. घास मोजून घालणें हाच पहिला उपाय ठरतो.

पण शून्य गांठावयाचें तरी कां? या इतिहासांतला शेवटचा धडा येथेंच आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस साधनें इतकीं सुधारलीं कीं, पाण्यांतलें खत जवळजवळ नाहींसें करतां येऊं लागलें. लोखंडाच्या संयुगाचे कण स्फुरद धरून ठेवूं लागले. कांहीं जर्मन हौशी मंडळी तर पेटींत व्होडका या दारूचे थेंब मोजून घालूं लागली. त्या दारूवर जंतु पोसतात, वाढतांना पाण्यांतील नत्र व स्फुरद अंगांत घेतात, आणि मग फेंसनळींतून बाहेर काढले जातात. तपासणीच्या बाटलींत रंग उमटेनासा झाला कीं पेटी बाळगणारा धन्य होई. परंतु पुष्कळांची पोंवळीं फिकी पडूं लागलीं, वाढेनाशीं झालीं, आणि कित्येक पेट्यांतून दगडांवर तपकिरी बुळबुळीत थर चढूं लागला. समुद्राच्या पाण्यांतहि खत नांवापुरतेंच असतें, मग असें कां? कारण समुद्रांत पाणी रितें असलें तरी त्यांतून वाहत येणारें सूक्ष्म अन्न रात्रंदिवस पोंवळ्यांच्या तोंडीं लागत असतें. पेटींत पाणीहि रितें आणि ताटहि रितें; हा उपास पोंवळ्यांना सोसत नाहीं.

२०१३ सालीं इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या वीडेनमान आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं ही गोष्ट आणखी स्पष्ट केली. नायट्रेट भरपूर पण स्फुरदाची उपासमार, अशा पाण्यांत पोंवळ्यांच्या अंगांतील शेवाळपेशी दुबळ्या होतात, आणि उष्णता वा प्रखर उजेड यांचा मारा झाला कीं पोंवळें पांढरें पडतें. नुसतें थोडें-अधिक पाहून भागत नाहीं. दोहोंचें परस्पर प्रमाण सांभाळावें लागतें, असा याचा अर्थ. शेतकऱ्याला हें नवीन नाहीं. एकच खत ओतत राहिल्यास पीक माजतें, पण त्याला दाणा भरत नाहीं.

म्हणून आज जाणते लोक शून्याच्या मागें लागत नाहींत. नायट्रेट लिटरमागें कांहीं मिलिग्रॅम, आणि फॉस्फेट मिलिग्रॅमच्या दशांशाहून कमी पण शून्य नव्हे, अशा मर्यादेंत पाणी राखण्याकडे त्यांचा कल असतो. आंकड्यापेक्षां त्याचें स्थैर्य अधिक मोलाचें मानतात. आठवड्यांतून एकदां ठरल्या वारीं तपासणी, तपासलेलें वहींत टिपून ठेवणें, घास मोजून घालणें, थोडें पाणी बदलणें, आणि कांहीं बिघडलें तर एकदम उपाय न करतां हळुहळू करणें, हा त्यांचा नेम असतो. पेटी उद्ध्वस्त होते ती बहुधा घाणीनें नव्हे. घाबरून केलेल्या घाईनें होते.

या कथेचा आपल्या किनाऱ्याशींहि संबंध आहे. मालवणजवळच्या समुद्रांत जिवंत पोंवळीं आहेत, आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारें शंभर किलोमीटरांवर आंग्रिया नांवाचा बुडालेला प्रवाळ-मंच आहे. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं खडक बांधणाऱ्या पोंवळ्यांचा समावेश झाला. वाघाला जें संरक्षण तेंच त्यांना. समुद्रांतून तीं तोडून घरीं आणणें हा गुन्हा आहे, आणि गॉसच्या काळच्या किनाऱ्यांची गत पाहिल्यावर तो कां असावा हें निराळें सांगावयास नको. शिवाय जें पाणी पेटींत बिघडतें तेंच किनाऱ्यावरहि बिघडूं शकतें. शेतांतून वाहून येणारें खत आणि गांवांतून येणारें सांडपाणी यांत नत्र व स्फुरदच असतात. चाळीस लिटरांच्या पेटींत जें आठवड्यांत दिसतें तें खाडीच्या मुखाशीं दिसण्यास अनेक वर्षें लागतील, एवढाच फरक.

वेस्टमिन्स्टरच्या त्या घरांतील मोलकरणीला नत्र ठाऊक नव्हता, स्फुरद ठाऊक नव्हता, जंतूंचें नांवहि तिनें ऐकलें नसेल. तिला एवढेंच ठाऊक होतें कीं, आज जितका वेळ पाणी ओतलें तितकाच वेळ उद्यांहि ओतावयाचें. पुढें दीडशें वर्षांच्या संशोधनानें त्या पाण्यांत काय काय घडत होतें तें सांगितलें; पण रोजच्या त्या नेमाला पर्याय मात्र अद्याप कोणीं शोधून काढलेला नाहीं.